पाच जणांचं टेबल

लग्नाची बोलणी आपल्या घरीही नकोत आणि त्यांच्या घरीही नकोत, बाहेर जेवायला जाऊन करू, असं बेबीनं जाहीर केलं, तेव्हा नाना एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी गरम करून वाकवत होते. ती मोडली. नानांच्या हातून काडी मोडणं ही साधीसुधी गोष्ट नव्हती. गल्लीत त्यांना नंबरनाना म्हणत. समोरून येणारा माणूस डोळे किती बारीक करतो यावरून ते रस्त्याच्या पलीकडूनच त्याचा नंबर सांगत आणि तो खराही निघे.

"घरी काय वाईट आहे?" नानांनी विचारलं.

"घरी बोलावलं की तुम्ही माणसांचे डोळे तपासता," बेबी म्हणाली. "मागे आत्याच्या दिराला जेवायच्या आधी तक्ता वाचायला लावला होतात."

"त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं!"

"ते त्यांना जेवणानंतरही सांगता आलं असतं, नाना."

बेबी ही त्यांची एकुलती एक मुलगी. शिकली, नोकरीला लागली, स्वतःच मुलगा पसंत करून मोकळी झाली, तरी घरात बेबीच राहिली. मुलगा चांगला होता. नानांनी त्याच्यात दोष शोधायचा मनापासून प्रयत्न केला होता, पण नंबरसुद्धा नव्हता बिचाऱ्याला. अडचण होती ती मुलाच्या वडिलांची. ते लिफ्टचे इन्स्पेक्टर. गावभरच्या इमारतींतल्या लिफ्ट तपासून त्या चालवायच्या की बंद ठेवायच्या हे ठरवणं त्यांचं काम. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली आणि तेव्हापासून हा माणूस बोलायचाच बंद झाला. मुलाला आणि बेबीला, दोघांनाही लांबच्या शहरात नोकऱ्या मिळत होत्या. लग्न करून तिकडेच जायचं असा त्यांचा बेत. वडिलांना विचारलं की ते छताकडे बघत आणि म्हणत, "बघू." होकार नाही, नकार नाही. नुसतं "बघू."

हॉटेल बेबीनंच निवडलं. नवं निघालेलं, आपलंच जेवण पण नव्या रूपात देणारं, भलतंच नावाजलेलं.

ही बातमी जिन्यातून वर गेली आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर खाली आले.

"तिथं जाण्यापूर्वी जेवून घ्या," त्यांनी सल्ला दिला.

"जेवायलाच तर चाललोय."

"म्हणूनच सांगतोय. माझा पुतण्या गेला होता. त्याला परातीएवढी ताटली दिली आणि तिच्या मध्यावर एक ठिपका. त्याला वाटलं, धुतली नाही. त्यानं रुमालानं पुसून टाकली. तो पहिला पदार्थ होता."

शेजारच्या शिवणक्लासवाल्या बाईंचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते तिथं काहीही झालं तरी आश्चर्य दाखवायचं नाही. आश्चर्य दाखवलं की वेटर ओळखतात. "समोर काहीही येऊ दे, रोज खाल्ल्यासारखं तोंड करायचं," त्या म्हणाल्या आणि तसं तोंड करून दाखवलं. नानांना तेच तोंड नीट जमत नव्हतं. त्यांना आरशासमोर सराव करताना वहिनींनी पाहिलं. वहिनी म्हणजे नानांची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणे. "दाढ दुखतेय का?" त्यांनी विचारलं.

बुकिंगचं काम नानांनी मोठेपणानं स्वतःकडे घेतलं आणि तिथून घोळ सुरू झाला.

फोनवर माणूस नव्हता, मशीन होतं. गोड, थंडगार आवाजाची बाई. तिनं वार विचारला, वेळ विचारली. मग म्हणाली, "किती व्यक्ती?"

"पाच," नाना म्हणाले. ते, वहिनी, बेबी, मुलगा, मुलाचे वडील.

"सहा व्यक्ती. धन्यवाद."

"सहा नाही. पाच. पाच!"

"सहा व्यक्ती," बाई म्हणाली. आणि मग, मशीनला शोभणार नाही अशा हळू आवाजात, "येऊ दे ना," असं काहीतरी म्हणाल्याचा नानांना भास झाला. तोवर फोन बंद पडला होता.

नाना हाडाचे चष्मेवाले. डोळ्यांना दिसतं तेवढं खरं आणि जे दिसत नाही त्याला नंबर लागतो, इतकं त्यांचं तत्त्वज्ञान साफ होतं. ऐकू येणाऱ्या गोष्टींशी त्यांचा संबंध नव्हता. ते खातं कानवाल्यांचं. ते दुकान बंद करून सरळ हॉटेलात गेले. दाराशी मॅनेजर उभा होता. काळे कपडे आणि चेहरा इतका गुळगुळीत, की बोट लावलं तर ठसा उमटेल.

"आमचे पाच जण आहेत. तुमच्याकडे सहा लागलेत," नाना म्हणाले.

मॅनेजरनं समोरच्या पडद्यावर पाहिलं. "बरोबर आहे सर. सहा."

"बरोबर नाही, चूक आहे. मी घरातली माणसं मोजून आलोय."

"सर, आकडा आम्ही लावत नाही. जितके येणार असतात तितका लागतो."

"मग एक कमी करा."

"वाढवता येतो सर. कमी करायचा असेल तर तुम्हालाच त्यांना सांगावं लागेल."

"कुणाला?"

"जे येऊ नयेत असं तुम्हाला वाटतंय त्यांना," मॅनेजर अदबीनं म्हणाला.

नाना तडक परत फिरले. घरी येईपर्यंत त्यांना तीन सणसणीत उत्तरं सुचली, पण ती सांगायला परत जाणं बरं दिसलं नसतं. "कॉम्प्युटरची चूक," असं त्यांनी घरात सांगून टाकलं.

रविवारी दुपारी सगळे हॉटेलच्या इमारतीखाली जमले. लख्ख ऊन होतं. पोस्टमास्तरांचा सल्ला मानून नाना घरून पोटभर जेवून आले होते आणि शिवणक्लासवाल्या बाईंचा सल्ला मानून काहीच नवल न वाटल्यासारखं तोंड करून उभे होते. मुलाचे वडील इस्त्रीच्या शर्टात होते. नमस्कार झाले. वडिलांनी वर पाहिलं आणि विचारलं, "लिफ्ट कुठल्या कंपनीची आहे?" हे त्यांचं त्या दिवशीचं पहिलं वाक्य.

हॉटेल वरच्या मजल्यावर. लिफ्टमध्ये पितळी पट्टी होती: पाच व्यक्ती. पाचही जण आत शिरले. दार सरकायला लागलं, अर्ध्यावर थांबलं आणि घंटी वाजली. जास्त वजनाची घंटी.

सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग, जणू आतूनच ठरल्यासारखं, नानांच्या पोटाकडे.

"माझ्यामुळे असेल असं नाही," नाना म्हणाले.

मुलाचे वडील पुढे झाले. त्यांनी पट्टी पाहिली, जमिनीवर टाच आपटली, कान भिंतीला लावला. हा माणूस पहिल्यांदाच जिवंत दिसत होता. "यंत्र ठीक आहे," ते म्हणाले. "एक माणूस जास्त आहे."

"पण आपण पाचच आहोत, बाबा," मुलगा म्हणाला.

"ते मला कळतंय. मी लिफ्टचं सांगतोय."

शेवटी नाना उतरले. न उतरून करतात काय? होणाऱ्या व्याह्यांपुढे, होणाऱ्या जावयापुढे, वजनदार ठरून ते एकटे जिन्याकडे निघाले. त्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा दार बंद होत होतं. आत आता चौघं होते. आणि तरीही वहिनी पर्स पोटाशी घेऊन बाजूला सरकल्या होत्या, कुणाला तरी नीट उभं राहता यावं म्हणून सरकतात तशा.

जिना चढून, घाम पुसत नाना वर पोचले आणि त्यांनी बायकोला बाजूला घेतलं. "तू लिफ्टमध्ये सरकलीस कशाला?"

"गर्दी होती ना."

"मी उतरल्यावर गर्दी कसली?"

वहिनी बोलायला गेल्या आणि थांबल्या. "खरंच की," त्या म्हणाल्या. "पण होती."

हॉटेल मोठं होतं, उंच छताचं, राखाडी भिंतींचं. भर दुपारी पडदे ओढलेले आणि प्रत्येक टेबलावर वरून एकेक दिवा सोडलेला, की खालची माणसं उजेडात आणि बाकी सगळं धुरकट. टेबलं भरलेली होती. लोक बोलत होते, हसत होते, पण आवाज पोचत नव्हता. नानांना मात्र दुसरीच गोष्ट खटकली. एवढं मोठं हॉटेल, इतकी माणसं जेवताहेत आणि वास कसलाच नाही. फोडणीचा नाही, तुपाचा नाही, करपल्याचासुद्धा नाही.

टेबलाला खुर्च्या सहा होत्या. सहावी मुलाच्या वडिलांच्या उजव्या हाताला आली. वेटर मध्यमवयीन, हसरा, हलक्या पावलांचा. त्यानं सगळ्यांच्या खुर्च्या ओढून दिल्या. सहावीही ओढली, क्षणभर थांबला आणि कुणीतरी बसल्यावर सरकवतात तशी हलकेच आत सरकवली.

"ती खुर्ची काढा," नाना म्हणाले. "आम्ही पाचच आहोत."

"हो साहेब," वेटर हसून म्हणाला आणि सहा ग्लासांत पाणी ओतलं.

आता खुर्ची रिकामी असणं एक आणि तिची बडदास्त ठेवणं वेगळं. नानांनी पाणी मागितलं तर दोनदा मागावं लागलं; तिकडे न मागता ग्लास भरला जात होता. नानांचा रुमाल खाली पडला तो त्यांनी स्वतः वाकून उचलला. खुर्चीपुढचा रुमाल वेटरनं अलगद उलगडून हवेत धरला आणि खाली सोडला. तो जमिनीवर पडायला हवा होता. टेबलाच्या कडेआड काय झालं हे नानांना दिसलं नाही आणि वाकून बघणं सभ्यपणाचं नव्हतं.

पहिला पदार्थ आला. काळ्या दगडावर एक हिरवा ठिपका. नानांनी तो रोज खाल्ल्यासारखं तोंड करून खाल्ला आणि त्यांना ठसका लागला. मग डाळीचा फेस आला. "तुम्ही लहानपणी खाल्लेलीच डाळ आहे साहेब, फक्त तिचं शरीर काढून टाकलंय," वेटर म्हणाला. वहिनींचा चमचा हातातच राहिला.

मग तो सहाव्या खुर्चीकडे झुकला. "तुम्हाला तिखट कमी आणलंय," असं म्हणून त्यानं वाटी ठेवली.

"अहो, तिथं कुणी नाही!" नानांचा आवाज चढला. "हे बघा, मी चष्मेवाला आहे. मला लांबचं दिसतं, जवळचं दिसतं, मधलंसुद्धा दिसतं."

"हो साहेब," वेटर म्हणाला. "तुमचं बरोबर आहे." ज्या समजूतदारपणे हट्टी म्हाताऱ्यांना बरोबर म्हणतात तसं म्हणाला.

"नाना, जाऊ दे ना," बेबी कुजबुजली. "बोलणी करायचीत आपल्याला."

पण बोलणी कुठली व्हायला? मुलानं दोनदा विषय काढला. नोकरी, जागा, जायची तारीख. वडील छताकडे बघत म्हणाले, "बघू." एकदा मात्र त्यांनी छताऐवजी उजवीकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

नानांनी ठरवलं, या प्रकरणाचा छडा लावायचा. सहाव्या ताटलीवर त्यांनी नजर रोखली. पुढचा पदार्थ काचेच्या घुमटाखाली आला, लोणच्याचा धूर म्हणून. घुमट उचलले आणि धूर भसकन नानांच्या चष्म्यावर आला. समोरचं सगळं पांढरं झालं. आजवर हजारो लोकांचे चष्मे पुसून दिलेल्या माणसाला स्वतःचा पुसायला असा किती वेळ लागावा? पण चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत सहावी ताटली साफ झाली होती. चमचा आडवा, नीट ठेवलेला.

"तू खाल्लंस?" त्यांनी मुलाला दरडावून विचारलं.

"मी? नाही हो."

"मग काय मी खाल्लं?"

"नाना!" बेबी म्हणाली. जावई होऊ घातलेल्या मुलावर ताटलीचोरीचा आळ घेणारा पहिला सासरा म्हणून आपलं नाव होणार, हे नानांना तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसलं. त्यांनी नजर आपल्या ताटलीत घातली. वहिनी मात्र मघापासून अवघडून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, मला सारखं वाटतंय की आपण कुणाशी तरी बोलत नाही आहोत. म्हणजे, बोलायला हवं होतं आणि बोललो नाही. असं वाटतंय."

शेवटी गोड आलं. वेटरनं नानांपुढे ठेवलं, वहिनींपुढे ठेवलं, मुलांपुढे ठेवलं. सहाव्या खुर्चीपुढेही ठेवलं. मुलाच्या वडिलांपुढे मात्र काहीच ठेवलं नाही.

"यांना विसरलात," नाना लगेच म्हणाले. वेटरची चूक सापडल्याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

"नाही साहेब. बाईंनी सांगितलंय. साहेबांना शुगर आहे, गोड देऊ नका."

मुलानं चमचा खाली ठेवला.

"बाबा, तुम्हाला शुगर आहे?" मुलगा म्हणाला.

वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "आहे," ते म्हणाले. "ती जायच्या आधी तपासली होती. रिपोर्ट मी तिलाच दाखवला. म्हटलं तुला नको सांगायला, तू आधीच काळजीत होतास. मग ती गेली आणि ते तसंच राहिलं." त्यांनी सावकाश मान उजवीकडे वळवली. "तिच्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही."

वेटर रिकामा ट्रे घेऊन केव्हाच निघून गेला होता. दिव्याखालचा उजेड मघापेक्षा लहान झाल्यासारखा वाटत होता. बेबीनं टेबलाखाली आईचा हात धरला. नानांनी आपलं ते तोंड करायचा प्रयत्न केला, पण चेहरा ऐकेना.

मुलाचे वडील खुर्चीकडे झुकले आणि बोलायला लागले. आधी हळू, तोंडातल्या तोंडात, मग जरा मोकळं. "अगं, घरात का नाही आलीस?" हे नानांना ऐकू आलं. मग ते बराच वेळ ऐकत होते, मान हलवत होते, मध्येच "तसं नाही गं" म्हणत होते. त्यांना बोलणी खावी लागत होती हे उघड दिसत होतं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नानांना ते दृश्य चांगलंच ओळखीचं होतं. एकदा तर नवरा म्हणून त्यांना त्या माणसाची कीवही आली.

शेवटी वडील सरळ बसले, त्यांनी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला. "ही म्हणते, पोरांना जाऊ द्या," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कित्येक महिन्यांची वाक्यं साठलेली होती. "म्हणते, मी घरात तिच्या खुर्चीवर पेपर टाकतो, कपडे टाकतो. तिला बसायला जागाच ठेवली नाही मी. म्हणून इथं यावं लागलं. आणि मुलगी तिला पसंत आहे." मग ते नानांकडे वळले. "आणि लिफ्टमधून तुम्हाला उतरावं लागलं त्याबद्दल ती माफी मागतेय. तिचं वजन पहिल्यापासून जरा जास्तच."

नाना काय बोलणार? सवयीनं ते खुर्चीकडे बघून म्हणाले, "छे छे, त्यात काय." आणि म्हटल्यावर त्यांच्या अंगावर मानेपासून कमरेपर्यंत काटा आला.

मुलगा रडत होता. बेबी उठली, वळसा घालून सहाव्या खुर्चीपाशी गेली आणि काय करावं न कळून तशीच उभी राहिली. मग तिनं खाली वाकून नमस्कार केला. उठली तेव्हा तिच्या कपाळावरची बट कानामागे सारलेली होती. तिनं स्वतः सारली नव्हती. वहिनींनी पाहिलं, आणि त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही, फक्त नानांना सांगितलं.

परतताना नाना न सांगता जिन्यानं उतरले. मुलाच्या वडिलांनी रिक्षा थांबवली, आत बसताना एका बाजूला सरकून घेतलं, आणि रिक्षावाला का थांबलाय हे न कळून म्हणाले, "चला, बसलो आम्ही."

"काय, पोट भरलं का?" पोस्टमास्तरांनी जिन्यातच गाठलं.

"भरलं," नाना म्हणाले. "सहाही जणांचं." आणि पोस्टमास्तर बोटं मोजत उभे असतानाच त्यांनी दार लावून घेतलं.

लग्न साधेपणानं झालं. मुलं लांबच्या शहरात गेली. नाना पुन्हा काड्या वाकवायला लागले. त्या दुपारचा विषय घरात निघत नसे. नानांनी ती दुपार मनात एका कप्प्यात ठेवून दिली होती: चष्म्यावर धूर आला होता, पोट भरलेलं होतं, उजेड कमी होता. सगळ्याला कारण होतं. बटेचं कारण मात्र अजून सापडायचं होतं.

एका सकाळी दुकान उघडून बसतात तोच व्याही आले. तब्येत सुधारलेली होती. दाराशी ते क्षणभर थांबले, दार धरून ठेवलं, मग स्वतः आत आले.

"या या, बसा," नाना म्हणाले. "तुमचे डोळे तपासू का? मघाशी पाटी वाचताना बारीक केलेत तुम्ही."

"माझे राहू द्या," व्याही संकोचून म्हणाले. "हिचं काम आहे. हल्ली जवळचं दिसत नाही म्हणते. जुना चष्मा बरोबरच गेला ना तिचा. मी म्हटलं, दुसरीकडे कुठं नेणार, आपल्या नानांकडेच जाऊ."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. तपासायच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. नानांना लांबचं, जवळचं आणि मधलंसुद्धा दिसत होतं आणि ती स्वच्छ रिकामी होती. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण या दुकानातून डोळे न तपासता आजवर कुणी परत गेलं नव्हतं, आणि आलेली बाई परकी नव्हती, लेकीची सासू होती. ते उठले, तक्त्यामागचा दिवा लावला आणि कपाटातून नंबर काढायची ती जड, गोल भिंगांची ट्रायल फ्रेम काढली.

"सरळ बसा," ते खुर्चीला म्हणाले. डोळे साधारण जिथं असतील अशा उंचीवर त्यांनी फ्रेम धरली.

"सोडा नाना," व्याही मागून हळूच म्हणाले. "तिनं धरलीय."

नानांनी डोळे घट्ट मिटले आणि एकेक करून बोटं सैल केली. फ्रेम पडल्याचा आवाज आला नाही.

"हं," नाना डोळे न उघडताच म्हणाले, "आता वरची ओळ वाचा बघू."